सीटला पट्टी लावली म्हणजे सीट झाली काय?



गळीत हंगाम तोंडावर आला की कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरांची रीघ लागते. वाहतुकीचे करार होतात, ट्रॉल्यांची तपासणी होते, टायर ठोकून बघतात, हूक आणि पिना हलवून बघतात, कागदपत्रे बघतात. हे सगळे व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण या सगळ्या तपासणीत एक गोष्ट कोणीही बघत नाही. ती म्हणजे ड्रायव्हर ज्यावर बसतो ती सीट. यार्डात लागलेल्या ओळीतून एकदा सावकाश चक्कर मारा. एखादीच सीट धड दिसेल. कुठे रेक्झीन फाटून स्पंज बाहेर आला आहे, कुठे त्यावर घडी घातलेले पोते आहे, कुठे युरियाची गोणी सुतळीने आवळून बांधली आहे. आणि अलीकडे निघालेली नवी तऱ्हा म्हणजे खोकी बंद करायची ती तपकिरी चकचकीत टेप सीटभर गुंडाळलेली. दुरून बघावे तर वाटते की पार्सल कुठेतरी रवाना होणार आहे.

विषय किरकोळ वाटेल. एका जाणत्या सभासदाने आम्हांला तोंडावर सांगितलेही, "अहो, उसाच्या दराचं लिहा, साखरेच्या भावाचं लिहा. चिकटपट्टीचं काय लिहिताय?" दराचे आम्ही लिहितोच, आणि लिहीतच राहू. पण टनामागे दोन रुपये कमी-जास्त झाले तर आपण सभा दणाणून सोडतो. आणि त्याच उसाची वाहतूक करणाऱ्या माणसाची पाठ चाळिशीत कामातून जाते त्याचा हिशेब कुठल्या रकान्यात लिहायचा, हे कोणी विचारत नाही. म्हणून हा लेख.

आधी सीटचे महत्त्व. मोटारीला चाकाजवळ स्प्रिंगा असतात, पाटे असतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांना तसे काही नसते. धुरा थेट सांगाड्याला जोडलेला. रस्त्यातला खड्डा, बांध, उसाचा खोडवा, जे काही चाकाखाली येते त्याचा दणका टायरातून निघून सरळ माणसाच्या माकडहाडापर्यंत पोचतो. वाटेत अडवणारी वस्तू एकच, ती सीट. शिवाय शास्त्रज्ञांनी मोजून ठेवले आहे की बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांना सर्वांत जास्त हादरतो, आणि खडबडीत रस्त्यावरचा ट्रॅक्टर नेमका त्याच्याच आसपास हेलकावतो. म्हणजे झुल्याला बरोबर वेळेवर ढकलत राहावे तसा तो कण्याला ढकलत राहतो. फडातून कारखाना, कारखान्यातून फड, मध्ये यार्डातला नंबर. हंगामाचे चार-पाच महिने दिवसरात्र हेच.

आता यातली खरी मेख सांगतो. ज्या मालकाचा ट्रॅक्टर तो स्वतः चालवतो, त्याची सीट बहुधा बरी असते. फाटकी सीट दिसते ती पगारी ड्रायव्हर असलेल्या गाडीवर. मालक इंजिनचे ऑइल वेळेवर बदलतो, कारण इंजिन त्याचे आहे. पाठ ड्रायव्हरची आहे. हे बोलणे काहींना झोंबेल. झोंबू द्या.

आता मुद्द्यावर येऊ. आमचा टेपला विरोध आहे असे कोणी समजू नये. चांगली टेप ही शेतकऱ्याच्या हत्यारपेटीत पान्ह्याइतकीच गरजेची आहे. आमचे म्हणणे एवढेच की कोणत्या कामाला कोणती टेप आणि कोणत्या कामाला टेप मुळीच नाही, हे कळल्याशिवाय रीळ हातात घेऊ नये. आपल्याकडे 'टेप' म्हटले की सगळ्या सारख्या. वायरला लावायची काळी टेप पाइपाला, खोक्याची टेप सीटला, पोरांच्या वह्यांची सेलोटेप सातबाराला. एका औषधाने सगळे रोग बरे करणाऱ्या जत्रेतल्या वैद्यासारखा हा कारभार.

सीटसाठी आणि घरच्या अवजड कामासाठी ज्या टेपचा विचार करायचा ती कापडी टेप. दुकानात तिला डक्ट टेप म्हणतात, रंगाने बहुतेक रुपेरी किंवा काळी असते. तिच्यात तीन थर असतात. वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, तो पाणी अडवतो. मध्ये कापडाची जाळी, ती जोर घेते. खाली रबरासारखा डिंक. खोक्याच्या टेपमध्ये ही मधली जाळीच नसते, म्हणून ती एका बाजूला जरा फाटली की सरळ उभी चिरत जाते. सीटवर माणूस चढतो, उतरतो, घासतो, वळून मागे ट्रॉलीकडे बघतो. तिथे बिनजाळीची टेप एक आठवडा टिकली तरी खूप.

या कापडी टेपची जन्मकथा आमच्या महिला सभासदांनी जरूर वाचावी. दुसरे महायुद्ध चालू होते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात वेस्टा स्टाउट नावाची बाई काडतुसांची खोकी तपासण्याचे आणि भरण्याचे काम करी. तिची दोन मुले आरमारात होती. खोक्यांना कागदी पट्टी लावून वरून मेण देत, आणि ती पट्टी ओढून खोके उघडायला गेले की पट्टी हातात तुटून येई. शत्रू समोर असताना शिपायाने खोक्याशी झटत बसायचे काय, असा तिचा सवाल. कापडाची, पाणी न पिणारी पट्टी करा, असे तिने साहेबांना सांगितले. साहेबांनी मान डोलावली आणि केले काही नाही. (हे कुठे ऐकल्यासारखे वाटते ना?) शेवटी १९४३ सालच्या फेब्रुवारीत बाईने आकृती काढून थेट अध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिले. ते पत्र खाली गेले, आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला तशी टेप बनवण्याचे काम मिळाले. कामावर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते ते खुर्चीतल्या माणसाला दिसत नाही, हे आपल्या कारखान्यालाही लागू आहे. पण तो विषय वेगळा.

दुकानात गेल्यावर रीळ कसे पारखावे? नुसत्या जाडीवर जाऊ नका. वीतभर टेप ओढा आणि हाताने आडवी फाडा. फाटलेल्या कडेला दोऱ्यांची टोके दिसली पाहिजेत. दोरे दाट असतील तर माल चांगला, विरळ असतील तर नुसता प्लास्टिकचा कागद समजा. मग डिंकावर अंगठा दाबून उचला. अंगठा जरा ओढून धरला पाहिजे, पण डिंक बोटाला लागून येता कामा नये. रिळाच्या कडा बघा. कडेने डिंक पाझरून धूळ बसली असेल तर ते रीळ उन्हात पडलेले आहे किंवा जुने आहे. टपरीच्या दारात महिनोन् महिने उन्हात लटकवलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. आणि घेतल्यावर ते ट्रॅक्टरच्या टपाखाली, बॅटरीच्या पेटीवर टाकून ठेवू नका. रबरी डिंकाचे दोन वैरी, ऊन आणि उष्णता. अमेरिकेतच कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ साली गरम हवेच्या पत्र्याच्या नळ्यांवर निरनिराळ्या टेपा लावून पाहिल्या. त्यात ज्या टेपच्या नावातच नळी आहे ती डक्ट टेपच सगळ्यांत आधी सुटली. नावावर जाऊ नये, ते हे असे. सतत उन्हात राहणाऱ्या कामाला अ‍ॅक्रिलिक डिंकाची टेप मिळाली तर ती घ्यावी, महाग पडते पण उन्हाला जास्त टिकते.

एवढी पारख करून टेप आणली आणि सीटवर चिकटवली, तरी एक खोड उरतेच. रेक्झीन मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखा एक पदार्थ घातलेला असतो. तो हळूहळू बाहेर येतो आणि टेपच्या डिंकात मुरतो. डिंक सैल पडतो, टेप सरकते, कडेने काळा चिकट लगदा बाहेर येतो आणि तो लेंग्याला, पँटला, कुठे कुठे लागतो. घरी धुणे धुणाऱ्यांना याचा अनुभव आहे, त्यांना आम्ही सांगायला नको. म्हणून सीटवर वरून लावलेली टेप ही एका हंगामापुरती मलमपट्टी आहे. तेवढीच तिच्याकडून अपेक्षा ठेवा.

आणि मलमपट्टी तरी नीट करा. सगळ्यांत मोठी चूक होते ती ओल्या सीटवर टेप मारण्याची. पावसाळ्यात स्पंज पाणी पितो. वरून टेप मारली की ते पाणी आत कोंडते. मग बसताना पाणी वर येते, सीटचा पत्रा खालून गंजतो आणि वास सुटतो तो निराळाच. तेव्हा आधी सीट उतरवा. बहुतेक ट्रॅक्टरांना दोन-चार बोल्टांचे काम असते. स्पंज काढून दोन-तीन दिवस चांगला वाळवा. पत्र्याला पाणी जायचे भोक असेल तर ते मोकळे करा, नसेल तर पाडून घ्या. फाटलेल्या जागेवरची धूळ आणि वंगण साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडे करा आणि मग स्पिरिटने एक हात पुसून घ्या. रॉकेलने पुसू नका, मागे तेलकटपणा राहतो. थिनर रेक्झीनलाच खातो. कोणी म्हणेल घरात सॅनिटायझरची बाटली पडली आहे. तीही नको, हाताला बरी म्हणून तिच्यात बहुधा ग्लिसरीन घातलेले असते आणि त्यावर टेप धरत नाही.

टेपचा तुकडा फाटलेल्या भागापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन बोटे मोठा घ्या आणि कात्रीने त्याचे कोपरे गोल करा. टेप नेहमी कोपऱ्यातून सुटते; कोपराच नसला तर सुटायला सुरुवात कुठून करणार? हिवाळ्यातल्या सकाळी डिंक कडक असतो, तेव्हा हे काम दुपारी उन्हात करा. चमच्याच्या पाठीने दाबून घासा आणि शक्य असेल तर एक दिवस त्यावर बसू नका. या डिंकाची पकड लावल्या लावल्या पूर्ण येत नाही, दिवसभरात वाढत जाते. आपण मात्र टेप लावतो आणि लगेच टुणकन उडी मारून बसतो.

याहून बरा मार्ग ज्याला करायचा आहे त्याने टेप बाजूला ठेवावी. फाटलेल्या तोंडातून जाड कापडाचा किंवा रेक्झीनचा तुकडा आत सरकवा. फेव्हिकॉल एसआरसारखा जो डिंक कुशनवाले वापरतात तो त्या तुकड्याला वरून आणि फाटक्या रेक्झीनला आतून, दोन्हीकडे लावा. दहा-पंधरा मिनिटे थांबा, बोटाला लागेनासा झाला की दोन्ही बाजू जुळवून दाबा. हा डिंक ओला असताना जोडला तर धरत नाही, इथेच बहुतेकांची घाई नडते. असे आतून लावलेले ठिगळ वरच्या टेपपेक्षा कितीतरी पटीने टिकते. आणि स्पंजच मेला असेल, बसल्यावर खालचा पत्रा लागत असेल, तर मग ठिगळही नको आणि टेपही नको. तालुक्याच्या गावात कुशनवाला असतोच, त्याच्याकडून नवा स्पंज आणि नवे कव्हर करून घ्या. ट्रॅक्टरला एक जादा लाइट, एक डेक आणि मडगार्डवर रंगीत नावे काढायला पैसे असतात, त्यातलाच थोडा भाग इकडे वळवायचा आहे.

धुळीचे आम्ही इतके का लावून धरतो त्याला एक दाखला देतो. १९७२ सालच्या डिसेंबरात, म्हणजे आपल्याकडे दुष्काळी कामांवर लोक खडी फोडत होते तेव्हा, अमेरिकेचे अपोलो १७ हे यान चंद्रावर उतरले. बरोबर विजेवर चालणारी एक गाडी होती. तिथे अंतराळवीर सर्नन यांचा हातोडा अडकून गाडीच्या मागच्या चाकाचे मडगार्ड तुटले. ते नसले की चंद्रावरची धूळ उडून सगळी अंगावर. त्यांनी तुटलेला भाग डक्ट टेपने चिकटवला. पण सगळीकडे धूळ बसलेली, टेप नीट धरेना. चिकटवलेला भाग त्याच फेरीत गळून पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार नकाशे टेपने एकाला एक जोडून त्याचेच मडगार्ड केले आणि ते चिमट्यांनी आवळून बसवले, तेव्हा काम झाले. सांगायचे काय, की अब्जावधी डॉलर खर्चून चंद्रावर नेलेली टेपसुद्धा धुळीवर चिकटली नाही. मग फडातल्या फुफाट्यात आपली कशी चिकटेल? आणि दुसरे असे की जिथे टेप हरली तिथे त्यांनी हट्ट धरला नाही, चिमटा वापरला. आपणही पट्टी, क्लॅम्प, नटबोल्ट यांना इतके विसरू नये.

आता जिथे गंमत चालत नाही त्या जागा. पहिली जागा वीज. विहिरीवरच्या, नदीवरच्या मोटारीच्या केबलला जोड देऊन त्यावर काळी टेप चार वेढे मारली आणि केबल चिखलात सोडून दिली, हे दृश्य आपल्या शिवारात नवे नाही. काळी पीव्हीसी टेप कोरड्या जागी, पेटीच्या आत चांगली. ती सुद्धा आय.एस.आय. चिन्ह बघूनच घ्यावी, जरा ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवून गुंडाळावी, आणि शेवटचा वेढा मात्र न ताणता सोडावा, म्हणजे टोक उलगडत नाही. पण पाण्यात किंवा चिखलात राहणाऱ्या जोडाला ती एकटी पुरत नाही. त्यासाठी सबमर्सिबल केबल जोडण्याचे तयार सामान मिळते. त्यात रबराची एक टेप असते. ती ताणून गुंडाळली की तिचे वेढे एकमेकांत मिसळून एकजीव होतात, त्यावर मग संरक्षणाला पीव्हीसी टेप. जाणत्या वायरमनकडून हे करून घ्या. आणि डक्ट टेप, सेलोटेप, खोक्याची टेप ही वायरच्या जवळपासही नेऊ नका, ती त्या कामाची नव्हे. उघड्या जोडाची ठिणगी पाचटात पडली म्हणजे काय होते ते उभा ऊस जळालेल्या सभासदाला विचारा. जळीत उसाला वजनात मार बसतोच, वर कपातही लागते. आणि हे झाले उसाचे. रात्री पाणी द्यायला अनवाणी गेलेल्या माणसाचा पाय त्या केबलवर पडला तर कपात किती आणि कोणाच्या खात्यात?

दुसरी जागा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा होज. त्यातल्या तेलाचा दाब चौरस सेंटिमीटरला दीडशे-दोनशे किलोच्या घरात असतो. तिथे टेप म्हणजे पुराला कुडाची भिंत. बारीक भोकातून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, आणि वरून नुसती सुई टोचल्याएवढी खूण दिसते. असे झाले तर तास न घालवता मोठ्या दवाखान्यात जावे लागते. गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा, आणि होज बदला.

तिसरी जागा फवारणीचा पंप. दांडीजवळ गळतो म्हणून टेप गुंडाळायची, टेप औषधाने भिजते, सुटते आणि तेच औषध हातावरून कोपरापर्यंत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली. गळक्या पंपाला वायसर लागतो. तो चार-आठ आण्यांचा राहिला नाही हे खरे, तरी दवाखान्यापेक्षा स्वस्तच आहे.

पाण्याच्या पाइपाबाबत एक गमतीची गोष्ट सांगतो, कारण ती फार जणांना माहीत नसते. मोटारीच्या खेचण्याच्या बाजूला, म्हणजे फुटव्हॉल्व्हकडून येणाऱ्या पाइपाला बारीक चीर पडली तर तिथे पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते आणि मोटार पाणी सोडते. इथे सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा चांगली टेप ताणून गुंडाळली तर बाहेरची हवाच तिला पाइपावर दाबून धरते, आणि दिवस निभावतो. पण तीच पट्टी पाणी फेकण्याच्या बाजूला लावली तर आतले पाणी तिला बाहेर ढकलते, आणि ती तासभर टिकत नाही. एकाच पाइपाची दोन टोके, एकीकडे टेप चालते, दुसरीकडे चालत नाही. ड्रिपच्या नळीला उंदराने पाडलेल्या भोकाला टेप लावणे हाही वेळेचा अपव्यय आहे. तेवढा तुकडा कापा, जॉइनर घाला, मोकळे व्हा. आट्यांना लावायची पांढरी टेफ्लॉन टेप तर चिकटतच नाही, तिच्यावर डिंकच नसतो. ती आट्या चढतात त्याच दिशेने गुंडाळायची असते. उलटी गुंडाळली की फिटिंग बसवताना गोळा होऊन बाहेर येते. आमच्या एका मित्राने ती चष्म्याच्या दांडीला गुंडाळली होती, त्याचे नाव छापत नाही.

घरात काय? प्लास्टिकची बादली, डबा, पाण्याची टाकी यांना टेप धरत नाही, कारण ते प्लास्टिक मुळातच मेणचट असते आणि डिंक त्यावर पकड घेत नाही. बादली तापल्या सळईने सांधून देणारे कारागीर पूर्वी दारावर येत. तो सांधा खरा. फुटक्या काचेला, कुलरच्या खोक्याला, सुटकेसच्या कोपऱ्याला, ताडपत्रीच्या भोकाला, कुदळीच्या दांड्यावर हात सरकू नये म्हणून, मळणीच्या वेळी फाटलेल्या पोत्याला कापडी टेप उत्तम. ताडपत्रीला मात्र दोन्ही बाजूंनी समोरासमोर लावा. पत्र्याच्या छपराला डक्ट टेप नको, त्याला ब्युटाइल रबराची जाड टेप मिळते, पत्रा घासून पुसून लावली तर पावसाळे काढते.

आणि कागद. हे आम्ही मुद्दाम शेवटाकडे ठेवले, कारण यात नुकसान सावकाश होते आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. आजोबांच्या नावाचा कारखान्याचा भाग दाखला, जुने खरेदीखत, जुना सातबारा घडीवर फाटला की घरातला शिकलेला मुलगा मोठ्या मायेने त्यावर सेलोटेप लावतो. काही वर्षांत ती पिवळी पडते, मग कडक होऊन गळते, आणि डिंक कागदात मुरून तपकिरी डाग मागे ठेवते. नेमकी सही-शिक्क्याच्या जागी लावली असेल तर पुढे वारसाच्या नोंदीला तो कागद टेबलावर ठेवताना आपलीच मान खाली जाते. महत्त्वाच्या कागदाला चिकटपट्टी लावूच नका. मैद्याची पातळ खळ करा, पतंगाच्या कागदासारखा पांढरा पातळ कागद मागच्या बाजूने लावा, वजनाखाली वाळवा. नाहीतर नुसते स्वच्छ पाकिटात सपाट ठेवा. आणि आधी त्याची झेरॉक्स काढून घ्या.

राहिली ती टेप जी आमच्या मते सगळ्यांत मोलाची, आणि सगळ्यांत निष्काळजीपणे लावली जाणारी. रात्री चमकणारी पट्टी. तिच्यात बारीक काचेचे मणी किंवा लोलक असतात. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड त्यावर पडला की तो आला त्याच दिशेने परत जातो आणि चालकाला पट्टी पेटल्यासारखी दिसते. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, असा नियम आहे. बिघडून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या, दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते आणि घरातला कर्ता मुलगा जातो, अशा बातम्या प्रत्येक हंगामात येतात. त्यातले बरेच जण आपल्याच सभासदांची मुले असतात. अनेक कारखाने हंगामाच्या सुरुवातीला या पट्ट्या वाटतात, फोटोही निघतात. पण ट्रॉलीच्या मागच्या फळीवर वर्षाची माती, वर गंज, त्यावर घाईघाईत पट्टी चिकटवली तर ती दिवाळीपर्यंत गळते. वर सांगितलेले सगळे नियम इथे दुप्पट पाळायला हवेत. फळी तारेच्या ब्रशने घासा, धुवा, कोरडी करा, पुसा, मग लावा. बैलगाडीच्या लाकडी फळीवर ती मुळीच धरत नाही, तिथे पत्र्याच्या तुकड्यावर लावून तो पत्रा खिळ्यांनी ठोका. आणि उसाची लोंबणारी वाढी तिच्यावर येऊन ती झाकत असतील तर पट्टी असून नसून सारखी. मोळी भरताना मागची फळी मोकळी राहील हे बघणे हे भरणाऱ्याचे आणि ड्रायव्हरचे दोघांचे काम आहे. चिखलाचा हात लागला की फडक्याने पुसणे हेही.

आमच्या सूचना तीनच आहेत, आणि त्या आम्ही शेतकी खात्याकडे व संचालक मंडळाकडे लेखी देत आहोत. वाहतूक कराराच्या तपासणीत टायर आणि हूक यांच्याबरोबर सीट आणि चमकपट्टी यांचाही रकाना घालावा, आणि स्पंज नसलेल्या सीटच्या ट्रॅक्टरला ती दुरुस्त होईपर्यंत पास देऊ नये. सभासद भांडारात कापडी टेप, आय.एस.आय. चिन्हाची काळी टेप, केबल जोडण्याचे सामान आणि चमकपट्टी चांगल्या प्रतीची ठेवावी, म्हणजे सभासदाला टपरीवरच्या उन्हात वाळलेल्या मालाच्या भरवशावर राहावे लागणार नाही. आणि हंगामाच्या आधी वर्कशॉपमध्ये चार दिवस कुशनवाला बसवून सीटा रास्त मजुरीत करून द्याव्यात, हवी तर रक्कम वाहतुकीच्या बिलातून कापून घ्यावी.

तिसऱ्या सूचनेवर काही मालक म्हणतील की ड्रायव्हर दर हंगामाला बदलतो, त्याच्या बसण्यावर आम्ही का खर्च करायचा. या प्रश्नाचे उत्तर ज्या मालकाला हवे असेल त्याने एक रात्र स्वतः खेप करावी. फडापासून कारखान्यापर्यंत, भरल्या ट्रॉलीनिशी, त्याच सीटवर बसून. नंतर आम्हांला जे काय कळवायचे ते कळवावे, पुढच्या अंकात छापू.